हे पैसे जातात कुणाकडे?

प्रश्न : आम्ही नवरा-बायको पहिल्यांदाच शोरूममधून नवी गाडी घेत आहोत. आत्ताची गाडी ओळखीच्या माणसाकडून जुनी घेतली होती, तेव्हा दोन-तीन सह्यांत काम भागलं होतं. या वेळी हातात आलेलं कोटेशन बघून मी गांगरले. जाहिरातीतली किंमत आणि शेवटचा आकडा यांत जवळजवळ २५ टक्क्यांचा फरक आहे. मधे बारा-तेरा ओळी आहेत : हँडलिंग, डॉक्युमेंटेशन, ऍक्सेसरीज पॅकेज, कोटिंग, विमा, वाढीव वॉरंटी. हप्ता झेपणार नाही म्हटल्यावर सेल्समनने पाच मिनिटांत तो कमी करून आणला. जुन्या गाडीलाही चांगला भाव देतो म्हणाला. बुकिंगची रक्कम आम्ही भरली आहे. शनिवारपर्यंत बाकीच्या सह्या केल्या नाहीत तर ऑफर जाईल म्हणे. मी एकेक ओळ विचारायला लागले की यांना अवघडल्यासारखं होतं. एवढी मोठी शोरूम, ते कशाला फसवतील, असं त्यांचं म्हणणं. मी जास्तच शंका घेतेय का? काय विचारू, आणि कोणते कागद पाहिल्याशिवाय सही करू नको?

उत्तर :

ताई, तुम्ही शंका घेत नाही आहात, हिशेब विचारताय. घरानंतरची बहुधा सगळ्यांत मोठी खरेदी करताना तो विचारायलाच हवा.

मी ९ वर्षं एका शोरूममध्ये बिलिंगच्या टेबलावर काम केलं आहे. तिथे रोज एकच दृश्य दिसायचं. माणसं रंग ठरवायला दोन तास घालवत, गाडीत बसून बघत, मुलांना मागच्या सीटवर बसवत आणि सगळं ठरल्यावर दमून माझ्यासमोर येऊन बसत. खरी रक्कम ठरायची ती तिथे, शेवटच्या दहा मिनिटांत. तोवर गाडी मनाने घरी पोचलेली असायची, त्यामुळे आकड्यांकडे बघण्याची कुणाची इच्छाच उरलेली नसायची. तुम्ही त्या क्षणी थांबलात, कागद घरी आणलात आणि मला लिहिलंत. अर्धं काम इथेच झालं आहे.

उरलेल्या अर्ध्यासाठी एकच प्रश्न पुरतो. कोटेशनमधल्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारा, हे पैसे जातात कुणाकडे? ते चारच ठिकाणी जाऊ शकतात. सरकारकडे, गाडी बनवणाऱ्या कंपनीकडे, बँक किंवा विमा कंपनीकडे आणि शोरूमकडे. पेन घेऊन प्रत्येक ओळीसमोर यांपैकी एक नाव लिहा. ज्या ओळीसमोर काय लिहायचं हे सेल्समनलाही चटकन सांगता येत नाही, तिच्याभोवती गोल करा. घासाघीस करायची ती त्याच ओळींवर.

सरकारकडे जाणारे पैसे म्हणजे कर आणि नोंदणीची फी. ते ठरलेले असतात, त्यात सूट मागू नका. आकडा मात्र सरकारी पत्रकाशी ताडून बघा. नोंदणीच्या ओळीत खऱ्या फीच्या वर ‘सेवा’ म्हणून काहीतरी मिसळून एकच गोल आकडा लिहायची पद्धत मी पाहिली आहे. म्हणून गोल आकडा दिसला की फोड मागा.

कंपनीकडे जातो तो गाडीच्या छापील किमतीचा मोठा भाग. नव्या गाडीच्या विक्रीत शोरूमला सुटणारा नफा लोकांना वाटतो तेवढा जाड नसतो. कमाई बरीचशी सर्व्हिसिंग, सुटे भाग, ऍक्सेसरीज आणि कर्ज-विम्याच्या कमिशनवर चालते. हे मी शोरूमची कड घेऊन सांगत नाही. गाडीच्या किमतीत आनंदाने सूट देणारा माणूस ऍक्सेसरीजच्या ओळीला हात लावू देत नाही, तो का, हे यावरून तुमच्या लक्षात येईल.

आता हँडलिंग आणि डॉक्युमेंटेशन. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणायचा खर्च खरा असतो, पण पुष्कळदा तो छापील किमतीतच धरलेला असतो. तेव्हा सरळ विचारा की कंपनीच्या अधिकृत किंमतपत्रकात ही ओळ आहे का, असेल तर दाखवा. नसेल तर ती शोरूमची स्वतःची आकारणी आहे आणि ती काढता येते किंवा कमी करता येते. हा झगडा जुना आहे. अमेरिकेत याच गोंधळाला कंटाळून १९५८ साली कायदा झाला. सिनेटर माइक मन्रोनी यांच्या पुढाकारातून आलेल्या त्या कायद्यामुळे प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर मूळ किंमत, जोडलेल्या सुविधांची किंमत आणि वाहतुकीचा खर्च वेगवेगळा छापलेला कागद लावावा लागतो. तो कागद आजही लागतो, आणि कित्येक डीलर त्याच्या शेजारी स्वतःच्या जास्तीच्या आकारणीचा दुसरा कागद लावतात. त्या दुसऱ्या कागदावर काय असतं? कोटिंग, फिल्म, ऍक्सेसरीज. तुमच्या कोटेशनमध्ये आहे तेच.

या पॅकेजबद्दल मला जरा मोकळेपणाने बोलू द्या, कारण ती ओळ मी स्वतः शेकडो वेळा टाइप केली आहे. पॅकेज आधीच भरलेलं असायचं. ग्राहकाने काही बोलल्याशिवाय ते काढायचं नाही, अशी आम्हाला सूचना होती. एकदा निवृत्तीच्या पैशांतून गाडी घेणारे एक गृहस्थ आले होते. त्यांनी यादी वाचलीच नाही, माझ्याकडे बघून ‘बरोबर आहे ना?’ एवढंच विचारलं. मी हो म्हणाले. त्या ‘हो’मध्ये त्यांना नको असलेल्या पाच वस्तू होत्या. ते मी अजून विसरलेले नाही, आणि हे सदर लिहायला लागण्याचं ते एक कारण आहे. तुम्ही यादीतल्या वस्तू एकेक करून वाचा. जी हवी ती ठेवा, बाकीच्या खोडून नवं कोटेशन छापून घ्या. पायातल्या मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप यांची बाहेरची किंमत आधी काढून ठेवा. ज्या वस्तूसाठी वायर कापावी लागते, ती बाहेरून बसवण्याआधी वॉरंटीवर काय परिणाम होईल ते विचारा. तिथे शोरूममधून घेण्याला अर्थ असू शकतो.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. हप्ता पाच मिनिटांत कमी करून आणला, हे ते वाक्य. ताई, हप्ता कमी करण्यासाठी किंमत कमी करावी लागत नाही. मुदत वाढवली की काम होतं. १० टक्के दराने कर्ज घेतलं आणि ते ५ वर्षांत फेडायचं ठरवलं, तर दर लाखामागे महिन्याचा हप्ता साधारण २,१२५ बसतो. मुदत ७ वर्षं केली की तोच हप्ता १,६६० वर येतो. ऐकायला छान वाटतं. पण पहिल्या हिशेबात लाखामागे एकूण व्याज जातं साधारण २७,५००, दुसऱ्यात ३९,५००. आणि यातला खरा धोका पुढे आहे. २,१२५ चा हप्ता झेपतो असं तुम्ही एकदा बोलून गेलात की त्याच हप्त्यात, ७ वर्षांच्या मुदतीवर, लाखाऐवजी १ लाख २८ हजार बसवता येतात. वरचे २८ हजार कशाकशाचे, ते ओळींमध्ये विखुरलेलं असतं आणि हप्ता तर वाढलेला नसतो, त्यामुळे कुणी विचारतही नाही. म्हणून ‘महिन्याला किती झेपेल?’ या प्रश्नाला उत्तर देऊ नका. आधी गाडीची पूर्ण किंमत लेखी घ्या. कर्जाचं बोलणं त्यानंतर.

तुम्हाला दाखवलेल्या नव्या हप्त्याची मुदत किती महिन्यांची आहे, ते आजच बघा. ६० चे ८४ झाले असतील, असा माझा कयास आहे.

दर विचारताना तो फ्लॅट आहे की रिड्यूसिंग, हेही विचाराच. फ्लॅटमध्ये व्याज सगळी वर्षं मूळ रकमेवर लागतं, तुम्ही अर्धी फेडली असलीत तरी. रिड्यूसिंगमध्ये ते फक्त फेडायच्या उरलेल्या रकमेवर लागतं. ८ टक्के फ्लॅटने ५ वर्षांसाठी लाख घेतले तर व्याज ४०,००० आणि हप्ता २,३३३ होतो. रिड्यूसिंगच्या भाषेत हा दर १४ टक्क्यांच्या थोडा वर जातो. कागदावर ८ वाचून ज्यांना ते १० पेक्षा स्वस्त वाटतं, त्यांची चूक नाही, कारण दोन वेगळ्या मापांचे आकडे शेजारी ठेवलेले असतात. तुलना करायची तर एकच गोष्ट विचारा. शेवटच्या हप्त्यापर्यंत मी सगळं मिळून, प्रोसेसिंग फीसकट, किती पैसे दिलेले असतील? हा आकडा लेखी मागा.

शोरूमने आणून दिलेलं कर्ज वाईटच असतं असं नाही. कधीकधी कंपनीच्या योजनेमुळे ते खरंच स्वस्त पडतं. पण आधी तुमच्या स्वतःच्या बँकेत जाऊन दर विचारून घ्या आणि तो कागद पिशवीत ठेवा. ब्रिटनमध्ये तर गाडी विकणाराच ग्राहकाचा व्याजदर वर-खाली करू शकत होता आणि दर जितका चढा तितकं त्याचं कमिशन जास्त. तिथल्या आर्थिक नियामकाने अशा कमिशनवर २०२१ च्या जानेवारीत बंदी घातली. तेव्हा ‘या कर्जावर तुम्हाला कमिशन मिळतं का?’ असं विचारणं मुळीच उद्धटपणाचं नाही. शून्य टक्के व्याजाची योजना पुढे केली तर रोखीने घेतल्यास किती सूट मिळाली असती, तेही विचारा. रोखीवर ५ टक्के सूट असेल आणि शून्य टक्क्यांत ती मिळत नसेल, तर ३ वर्षांच्या त्या ‘बिनव्याजी’ कर्जावर तुम्ही प्रत्यक्षात साधारण ३.४ टक्के व्याज देत असता. तेही बँकेपेक्षा कमी असू शकतं, मग खुशाल घ्या. फक्त ते फुकट नाही हे ठाऊक असू द्या.

जुन्या गाडीचा ‘चांगला भाव’ हा स्वतंत्र व्यवहार आहे, तो स्वतंत्रच ठेवा. नव्या गाडीवरची सूट २० हजारांनी कमी करायची आणि जुनीला २० हजार वाढवून द्यायचे, यात शोरूमचं काहीच जात नाही, ग्राहक मात्र खूश होतो. आधी नवीची किंमत जुनी न देता किती, हे लिहून घ्या. मग जुनीचा भाव. तोही दोन-तीन ठिकाणी दाखवून झाल्यावर. शेवटी या दोन रकमांमधला फरक, म्हणजे तुमच्या खिशातून जाणारा आकडा, तेवढाच बघा.

जुनी गाडी हातची गेली तरी कागदावर ती तुमच्या नावावर राहू शकते. तेवढ्या काळात तिला झालेला दंड, तिने केलेला अपघात, सगळ्याची विचारणा तुमच्याकडे येईल. गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली पोच शोरूमच्या शिक्क्यानिशी घ्या, मालकी बदलून देण्याची जबाबदारी कुणाची आणि किती दिवसांत, हे त्याच कागदावर लिहवून घ्या, आणि नाव बदलल्याचा दाखला मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. जुन्या गाडीच्या विम्यावर क्लेम न केल्याची सवलत साठली असेल तर तीही विचारा. पुष्कळ ठिकाणी ती गाडीची नसते, मालकाची असते, आणि नव्या विम्यात वापरता येते.

विमा शोरूममधूनच घ्यायचं बंधन सहसा नसतं. बाहेरचं कोटेशन आणा, पण गाडीची विम्यातली किंमत, क्लेमच्या वेळी स्वतः सोसायची रक्कम आणि जोड संरक्षणं दोन्हीकडे सारखी ठेवून मग तुलना करा. वाढीव वॉरंटी बहुतेक वेळा मूळ वॉरंटी संपायच्या आत कधीही घेता येते, त्यामुळे आजच ठरवायची घाई नाही. ती कर्जात मिसळली तर तिच्यावरही वर्षानुवर्षं व्याज भराल. ती देणारी गाडीची कंपनी आहे की तिसरीच कुणी, तेवढं मात्र बघाच.

आता कागद. त्यासाठीही वरचाच प्रश्न कामाला येतो. पैसे ज्याच्याकडे गेले, कागद त्याचा हवा. कर आणि फी सरकारकडे गेली तर सरकारी पावती. विम्याचे पैसे गेले तर विमा कंपनीची पॉलिसी, तुमच्या नावाने, नव्या गाडीच्या नंबरांसह. कर्जासाठी बँकेचं मंजुरीपत्र आणि करार. शोरूमकडून फक्त गाडीचं आणि तिने स्वतः दिलेल्या वस्तूंचं बिल. सगळ्याची मिळून शोरूमने एकच पावती दिली आणि ‘यात सगळं आलं’ म्हटलं, तर ते पुरेसं नाही. माझ्या टेबलावरून विम्याच्या हप्त्यापेक्षा जास्त रक्कम घेतली गेलेली मी पाहिली आहे. पॉलिसी हातात आल्यावर ग्राहकाने दोन आकडे शेजारी ठेवले तेव्हाच ते उघडकीला आलं.

बुकिंगच्या वेळी तुम्ही ज्या फॉर्मवर सही केलीत तो आज रात्री शांतपणे वाचा, मागची बारीक अक्षरंसुद्धा. दोन वाक्यं शोधा. एक, बुकिंग रद्द केल्यास रक्कम परत मिळते का आणि किती कापून. दुसरं, किंमत बुकिंगच्या दिवसाची लागू होणार की डिलिव्हरीच्या दिवसाची. डिलिव्हरीच्या दिवसाची असं लिहिलेलं असेल तर गाडी उशिरा आल्यास वाढलेली किंमत तुमच्यावर पडेल. मॉडेल, प्रकार, रंग, कबूल केलेली सूट आणि डिलिव्हरीची तारीख त्या फॉर्मवर नसेल तर ती लिहून, सहीशिक्का मारून मागा. ‘मॅट फ्री देतो’, ‘पहिली सर्व्हिस मोफत’ असं तोंडी सांगितलेलं सगळं त्यातच आलं पाहिजे. आज तुमच्याशी गोड बोलणारा मुलगा डिलिव्हरीच्या दिवशी तिथे नोकरीला असेल याची खात्री नसते, आणि त्याने दिलेला शब्द त्याच्याबरोबर जातो.

कर्जाच्या करारात कर्जाची रक्कम, वार्षिक दर, हप्त्यांची संख्या, एकूण परतफेड आणि मुदतीआधी फेडल्यास लागणारा दंड या पाच जागा बघा. एकही जागा रिकामी असेल तर सही करू नका. ‘नंतर आम्ही भरतो, सिस्टीम स्लो आहे’ असं सांगतील. मग ती चालू होईपर्यंत थांबा, हवं तर दुसऱ्या दिवशी या. सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत त्याच वेळी घ्या. आणि कर्ज अंतिम मंजूर झाल्याचं लेखी आल्याशिवाय गाडी घरी नेऊ नका. ‘मंजूर होईलच, तुम्ही घेऊन जा’ म्हणून गाडी द्यायची आणि आठवड्याने फोन करायचा, की त्या दराने नाही झालं, जरा जास्त दर पडेल. गाडी दारात उभी असताना माणूस नाही म्हणत नाही, हे त्यांना माहीत असतं.

अंतिम बिल निघायच्या आधी प्रत्यक्ष गाडी बघायला मागा, दिवसाउजेडी. चेसिस नंबर, म्हणजे त्या एकाच गाडीचा ओळख-क्रमांक, १७ अक्षर-अंकांचा असतो. समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात किंवा दाराच्या खांबावर तो सापडेल. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी गोंधळतात. तेव्हा कुठल्या कागदावर ‘ओ’ दिसला तर तो टाइप करणाऱ्याची चूक आहे, लगेच दुरुस्त करून घ्या. बिल, विमा, कर्ज आणि नोंदणी या चारही कागदांवर हा नंबर अक्षर न् अक्षर सारखा हवा. एक अक्षर चुकलं तरी क्लेमच्या वेळी महिनोन्‌महिने फेऱ्या माराव्या लागतात. गाडी किती दिवस यार्डात उभी होती, हे कळायला टायरच्या बाजूवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात ते बघा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३५२४ म्हणजे २०२४ च्या ३५व्या आठवड्यात बनलेला टायर. गाडीवरच्या उत्पादनाच्या तारखेशी ते जुळवून बघा. मागच्या वर्षीची गाडी घ्यायला हरकत नाही, पण मग तशी सूट मिळाली पाहिजे, कारण विकताना ती मागच्या वर्षीचीच धरली जाते.

शनिवारचं म्हणाल तर, महिनाअखेरीला किंवा तिमाहीच्या शेवटी काही योजना खरंच संपतात, कारण शोरूमला विक्रीचे आकडे गाठायचे असतात. तेव्हा ऑफर कुणाची आहे ते विचारा. कंपनीची असेल तर तिचं पत्रक आणि शेवटची तारीख दाखवतील. शोरूमची असेल, तर सोमवारी तीच पुन्हा मिळते, हे मी माझ्या टेबलावरून कितीतरी वेळा पाहिलं आहे. आणि पत्रकावर खरंच शनिवार असेल तरी शुक्रवारचा पूर्ण दिवस तुमच्या हातात आहे. गोल केलेल्या ओळी आणि मुदत दुरुस्त केलेलं कोटेशन त्यांना आजच ईमेलवर मागा.

तुमच्या यजमानांनाही हे उत्तर वाचायला द्या. त्यांचं अवघडणं मला कळतं. समोरचा माणूस पाणी विचारतो, आदराने बोलतो, त्याला पैशांबद्दल टोकायचं जिवावर येतं. म्हणून वाटणी करून घ्या. बोलायचं त्यांनी, तुम्ही शेजारी बसून प्रत्येक ओळीसमोर चारांपैकी एक नाव लिहायचं. ओळ अडली की वही त्यांच्याकडे सरकवा. ‘एवढं जरा घरच्या हिशेबासाठी सांगा’ हे वाक्य त्यांनाही सहज म्हणता येईल.